चार नंबरचं पाणी

बाहेर कडी सरकली, पाठोपाठ कुलूप खटकलं, तरी मी आपला खाली वाकून वायर तपासत राहिलो. वाटलं, वाऱ्यानं दार लागलं असेल. वारा कुलूप घालत नाही, हे सुचायला मला अंमळ वेळच लागला. तेव्हा मी पंचविशीत होतो आणि स्वतःला भलताच हुशार समजत होतो.

"मुजावर साहेब," दाराच्या फटीतून बाबगोंडा मगदुमांचा आवाज आला. अगदी शांत, चहा घेणार का विचारावं तसा. "ते चाक फिरवा. चार नंबरला पाणी सोडा. पाणी सुटल्याचा आवाज आला की मी कुलूप काढतो."

"काका, थट्टा पुरे. दार उघडा."

"थट्टा न्हाई. चाक फिरवा."

मी दाराला खांदा लावून पाहिला. दार लोखंडी होतं, खांदा माझा होता. जास्त काही घडलं नाही.

ती व्हॉल्व्हची खोली होती. बैठी, पत्र्याच्या छपराची. नदीवरून येणारी मोठी पाइपलाइन तिथं येऊन सहा फाट्यांत वाटली जायची आणि सहा रानांना पाणी जायचं. प्रत्येक फाट्यावर लोखंडी चाकाचा व्हॉल्व्ह आणि चाकावर आमच्या कंपनीनं बसवलेली छोटी मोटर. भिंतीत हातभर खिडकी, तिला गज. मार्चची दुपार, पत्रा तापून लाल. आत पाय पसरून बसायलाही धड जागा नव्हती.

नांदरवाडी हे शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव. पाण्याला तोटा नाही, आणि तेच गावाला भोवलं होतं. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून पाजून जमिनीतलं मीठ वर आलं आणि चांगली काळी रानं पांढरी पडली. तिकडे त्याला मीठफुटी म्हणतात. शेवटी गावानं एकत्र येऊन जमिनीखाली भोकांचे पाइप पुरले, मीठ धुऊन काढलं, आणि यापुढे पाणी बेतानं द्यायचं असं ठरवलं. आता बेत कुणी ठरवायचा? माणसाच्या हातात दिलं की वशिला आला, भांडण आलं. म्हणून आम्ही आलो. उसाच्या मुळापाशी आमचे सेन्सर पुरलेले. ते मातीतली ओल मोजणार, ओल चोवीस टक्क्यांच्या खाली गेली की मोटर आपोआप चाक फिरवणार. नाहीतर थेंब मिळणार नाही. गावाच्या पाणी संस्थेच्या सगळ्या सभासदांनी बस्तीच्या, म्हणजे त्यांच्या जैन मंदिराच्या, पायरीवर हात ठेवून शपथ घेतली होती, की चाकाला कुणी हात लावणार नाही. शपथ सांगणारे अध्यक्ष खुद्द बाबगोंडा.

आणि चार नंबरच्या रानातली उसाची लागण, म्हणजे यंदाच लावलेला ऊस, वाळत होती. सेन्सर मात्र छत्तीस दाखवत होता. सकाळीच बाबगोंडांनी मला बांधावर बोलावून हे सांगितलं होतं. मी त्यांना मोबाईलवर आकडा दाखवला, "रान ओलं आहे काका," म्हणालो आणि वायर तपासायला इथं आलो. ते मागून आले होते. का आले, ते आता कळलं.

"काका, तुम्हीच शपथ दिलीत ना सगळ्यांना?"

"दिली की. चाकाला हात लावायचा न्हाई. मी कुठं लावलाय? मी कुलपाला लावलाय."

"आणि माझा हात चालतो?"

"तुमी कुठं पायरीवर हात ठेवलाय?"

मी दुसरी बाजू धरली. "अहो, जमीन ओली आहे. आणखी पाणी दिलंत तर परत मीठ वर येईल. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"मला मीठ शिकवू नका." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. मग खाली आला. "ही लागण वाळली तर मगदुमांच्या त्या रानात परत कुनी पाय ठेवनार न्हाई. एवढं ध्यानात ठेवा, आन चाक फिरवा."

चपला वाजल्या, लांब गेल्या.

मी पुण्याला आमच्या देवस्थळी सरांना फोन लावला. पाइपवर चढून खिडकीच्या गजाला गाल लावला की रेंज यायची.

"कोंडलंय? अरे, कोंडतात रे. मलाही एकदा कोंडलं होतं विजापूरकडे. जेवण उत्तम देतात."

"सर, पोलीस..."

"मुळीच नाही! पोलीस आले की गाव तुटलं. सोमवारी बाहेरचे पाहुणे आपली चाचणी बघायला येताहेत, विसरलास? आणि हे बघ, चाकाला हात लावायचा नाही. हातानं व्हॉल्व्ह उघडला की त्याची नोंद होते, चाचणी बाद. तुला कायम व्हायचं आहे ना यंदा? मग कळ काढ."

मी कळ काढायला बसलो. बाहेर दार उघडायचं तर आत चाक फिरवायला हवं, आणि चाक फिरवलं तर नोकरी जाते. दोन्हीकडून कुलूपच. घामानं शर्ट पाठीला चिकटला, घशाला कोरड पडली. खरं सांगतो, मला रडू आलं. वयाला शोभणारं नव्हतं, पण बघायला कोण होतं?

तेवढ्यात खिडकीपाशी कुणाची तरी सावली पडली.

"आत कोन हाय?"

बाईचा आवाज होता. खिडकी उंचावर, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसेना. गजांवर दोन हात तेवढे दिसले. राबलेले, बोटांच्या पेरांना भेगा, मनगटं मोकळी. शेतात काम करताना बांगड्या काढून ठेवत असतील, असं मला वाटलं.

"मी सेन्सरवाला, मुजावर. मला कोंडलंय."

"कुनी?"

"बाबगोंडांनी. चार नंबरला पाणी सोडल्याशिवाय उघडणार नाहीत म्हणे."

हात गजांवरून निघून गेले. मला वाटलं, गेली. पण थोड्या वेळानं गजांतून पाण्याचा तांब्या आत आला, मग फडक्यात बांधलेली भाकरी, मुगाची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी. जेवणाबाबत देवस्थळी सरांचा अनुभव खरा होता.

"चार नंबरचं रान आमचंच," ती म्हणाली.

म्हणजे ही घरधनीण. मला धीर आला. "मग तुम्हीच त्यांना समजावून सांगा ना!"

"मी त्यांच्यासंगं बोलत न्हाई."

"बरं, उद्यापासून नका बोलू. आज तेवढं सांगा."

"लई वर्सं झाली."

मी घास घेता घेता थांबलो. एकाच घरात राहून वर्षानुवर्षं अबोला! असल्या जोडप्याच्या तावडीत आपण सापडलो म्हणजे संध्याकाळपर्यंत काही सुटत नाही, असं मनात आलं आणि हसूही आलं.

"साहेब, एक इचारू?" ती म्हणाली. "तुमचं मशीन म्हणतंय मुळापाशी वल हाय. मग पानं गुंडाळून का बसल्यात? सुयांगत झाल्यात बगा. सकाळी सकाळीच."

दुपारच्या उन्हात पान गुंडाळलं तर समजू शकतं. सकाळी गुंडाळलेलं पान म्हणजे ऊस खरोखर तहानलेला. एवढं मला कळत होतं. बांधावर उभं असताना मीही ते पाहिलं होतं, पण माझ्या हातात आकडा होता आणि आकड्यापुढे पानाकडे कोण बघतं?

"ताई, एक काम करता? सेन्सरची पांढरी खुंटी आहे ना, तिच्याजवळची माती आणून द्याल? वरची नको. वीतभर खालची."

"आनतो की."

माती आली. काळी, पण हातात घेतली तर लाडू वळेना, भुगाच व्हायचा. मधूनमधून पांढरे कण. मी जिभेवर ठेवली, खारट लागली, थुंकली. माझ्या पिशवीत मातीचे नमुने तोलायचा तळहाताएवढा काटा होता. त्यावर तोलली, कागदात बांधली आणि गजांतून बाहेर दिली.

"ही तव्यावर भाजायची. मंद जाळावर, हलवत हलवत. पूर्ण कोरडी झाली की गार करून आणायची. कणभर सांडायची नाही."

"माती भाजायची?" पहिल्यांदाच तिच्या आवाजात हसू आलं. "तवा माजा भाकरीचा हाय वो!"

"नवा घेऊन देईन."

जवळच तिची खोप असावी. धुराचा वास आला, मग उलथन्याचा आवाज येऊ लागला. मी आत बसून तो आवाज ऐकत होतो. मातीतली ओल मोजायची सगळ्यात जुनी रीत हीच. पाणी उडून जातं, वजन जितकं घटतं तितकी ओल. कॉलेजात आम्ही भट्टी वापरायचो. सेन्सरला मात्र पाणी दिसत नाही. तो मातीतून वीज सोडतो आणि माती तिला कसा प्रतिसाद देते त्यावरून ओल किती ते ठरवतो. गोड्या मातीत हे ठीक.

कागद परत आला. तोलला. छत्तीस आकडा खरा असता तर वजन जितकं घटायला हवं होतं, त्याच्या निम्मंही घटलं नव्हतं. मी काटा पुसून पुन्हा तोलला. तेच.

मग माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. विजेला पाण्यासारखाच प्रतिसाद मीठही देतं. पाणी तोडलं तसं खालचं मीठ मुळापाशी गोळा होत गेलं, आणि मीठ वाढलं तसा आकडा वर चढत गेला. म्हणजे हे रान जितकं वाळणार, तितकं माझं यंत्र त्याला ओलं म्हणणार. चोवीस कधी येणारच नव्हतं. ऊस जळून काड्या झाल्या असत्या तरी मोटर जागची हलली नसती.

मी पुन्हा पाइपवर चढून, गजाला गाल लावून पुणे गाठलं.

"हो रे," देवस्थळी सर म्हणाले, "मीठ असलं की आकडा थोडा वर जातो. माहीत आहे ते. सोमवारनंतर बघू."

"सर, सोमवारपर्यंत ऊस राहणार नाही."

"मुजावर, एका रानापायी सगळा प्रकल्प घालवू नकोस."

मी फोन बंद केला. असा राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे. माहीत होतं, आणि मला सांगितलं नव्हतं! मी त्या म्हाताऱ्याला तोंड वर करून आकडा दाखवत होतो.

"ताई," मी म्हणालो, "मशीन चुकतंय. रान कोरडं आहे. मी पाणी सोडतो."

मला वाटलं ती आनंदून जाईल.

"त्यांच्या सांगन्यावरनं सोडनार असाल तर नगो," ती म्हणाली. "पानी आत घ्यायचं बारंच बांधून टाकीन मी. वढ्यात जाऊंदे पानी."

आता मात्र माझा संयम सुटला. "ताई, काय चाललंय तुमचं? ऊस तुमच्या दोघांचा. तो वाळतोय, मी इथं उकडतोय, आणि तुम्हाला नवरा-बायकोचं भांडण..."

"कोन नवरा?"

मी हातातला फोन खिशात घातला.

"बाबगोंडा माजे थोरले दीर," ती म्हणाली. सावकाश, पण आता आवाज पार बदलला होता. "वरचं रान त्यांचं. खालचं, चार नंबरचं, आमचं. रातध्याड पानी पाजायचे ते. ह्यांनी हात जोडून सांगितलं, दादा, पानी आवर, माज्या रानात खालनं पानी उपळालंय. ऐकलं न्हाई. त्यांचा ऊस तालुक्यात पयला आला. फेटा बांधून सत्कार झाला. आन त्या साली आमचं रान पांढरं फटक पडलं. हे इचलकरंजीला मागावर गेले. तितंच छातीचं दुकनं लागलं, तितंच गेले. मयताला दीर आले तवा समद्यांम्होरं सांगितलं मी, राजमती मगदूम हाय माजं नाव, तुमच्या हातचं पानी माज्या रानात पुन्हा यायचं न्हाई."

मला ती मोकळी मनगटं आठवली. मी इतका वेळ त्या बाईशी काय काय बोललो होतो! कुठं तोंड लपवावं कळेना, आणि त्या खोलीत लपायला जागाही नव्हती.

"आता पाइप घातल्यावर परत आलो," ती म्हणत होती. "ह्यांच्या रानात ऊस हुबा करून बगायचा हुता. ह्यो गेला तर परत इचलकरंजीचा माग. पर त्यांचं पानी नगो."

मी चाकाकडे बघितलं. चाकाला तारेचं सील होतं, त्यावर आमच्या कंपनीचा शिक्का.

"हे त्यांचं पाणी नाही," मी म्हणालो. "त्यांनी कुलूप घातलं नसतं तरी ही माती तोलल्यावर मी सोडलंच असतं. माझं मशीन चुकलंय. ते मी दुरुस्त करतोय. आणि तोललेली माती तुम्ही भाजलीत, त्यांनी नाही."

"तुमची नोकरी?"

"बघू."

तिनं नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही.

"मग जरा थांबा," ती म्हणाली. "खोरं घेऊन रानात जातो. एकदम सोडू नका, सऱ्या फुटतील. मी हाक दिल्यावर. आन बेतानंच सोडा. ह्या रानानं लई पानी बगितलंय."

पावलं लांब गेली. मी पक्कड काढून तार तोडली. मग लांबून, बांधापलीकडून, हाक आली, "सोडा!" चाक गंजलेलं होतं, दोन्ही हातांनी आणि गुडघा लावून फिरवावं लागलं. पाइपमध्ये आधी हवा खोकली. मग पाणी गेलं.

कुलूप लगेच निघालं. इतकं लगेच, की मी दचकलो. दार उघडलं तर बाबगोंडा समोर. मघाशी परत फिरून, खोलीच्या मागच्या बाजूला, भिंतीला टेकून ते सगळा वेळ बसले असले पाहिजेत. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीला भिंतीचा चुना लागला होता.

"घेतलं का तिनं?" त्यांनी विचारलं.

"घेतलं."

ते तिथंच पायरीवर बसले. मघाशी मला कोंडणारा माणूस तो हाच का, असं वाटावं इतके लहान दिसले.

"समदं ऐकलं मी," ते म्हणाले. "खोटं काय बोलली न्हाई ती."

"चला, बांधावरून बघू या," मी म्हणालो. मला कोंडल्याबद्दल त्यांना चार शब्द सुनवायचे मी पाठ करून ठेवले होते. एकही आठवेना.

"मी न्हाई येत. मी बांधावर दिसलो की ती खोरं टाकंल, आन बारं बांधंल." त्यांनी वर बघितलं. "तुमी जावा की. हितनं ऐकू येतंय. कसं चाललंय त्ये सांगा फकस्त."

माझी नोकरी पुढच्याच आठवड्यात गेली. दुसरी मिळाली. त्या संध्याकाळी मात्र मला कुणी अडवलेलं नव्हतं, बस मिळण्याजोगी होती, आणि तरी मी बांधावर चढून उभा राहिलो. पलीकडे राजमती वहिनी पदर खोचून, घोट्याएवढ्या पाण्यात, खोऱ्यानं एकेक सरीचं तोंड उघडत होत्या. अलीकडे, माझ्या मागोमाग येऊन बांधाच्या आडोशाला, बाबगोंडा डोळे मिटून बसले होते.

"पहिली सरी भरली," मी हलक्या आवाजात म्हणालो.

"टोकापतुर गेलं?"

"टोकापर्यंत. आता दुसरीत सोडलंय."

"रान पितंय का वरनंच पळालंय?"

"पितंय. बुडबुडे येताहेत."

त्यांनी मान हलवली. तिसरी झाली. चौथीत पाणी अडलं, वहिनींनी ढेकूळ काढून वाट करून दिली, तेही मी सांगितलं. बाबगोंडांचा हात आपोआप हलला, जणू ढेकूळ त्यांनीच काढलं.

"त्वांड दिसतंय का तिचं?" त्यांनी विचारलं.

"नाही. पाठमोऱ्या आहेत."

"मग ऱ्हाऊंदे," ते म्हणाले. "पाचवी सांगा."